लॅबमध्ये सुई टोचली, तर "डमीत रक्त नसतं" म्हणून सोडून द्यायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका खाजगी जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) स्कूलमध्ये दीड वर्षापूर्वी लागलेल्या ट्यूटर मॅडमकडे फाउंडेशन लॅबचा चार्ज आला आहे. चार दिवसांपूर्वी पहिल्या वर्षाच्या एका मुलीला आयएम, म्हणजे स्नायूत द्यायच्या इंजेक्शनची प्रॅक्टिस करताना बोटाला सुई टोचली. त्याच सुईने तिच्याआधी सात-आठ जणींनी सरावाच्या पॅडवर इंजेक्शन दिलं होतं. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "डमीत रक्त नसतं, काही होत नाही, स्पिरिट लाव." विषय तिथेच मिटला. ट्यूटर विचारतात, हे बरोबर आहे का? आणि "बजेट नाही" हे उत्तर ठरलेलं असलेल्या संस्थेत लॅब सुरक्षित करायची तर सुरुवात कुठून करायची?

मी सत्तावीस वर्षं या क्षेत्रात आहे. आधी वॉर्डात, मग शिकवण्यात. त्यातली बरीचशी वर्षं लॅबच्या किल्ल्या माझ्याच पर्समध्ये होत्या. तेव्हा सविस्तर लिहिते.

आधी त्या मुलीचं बघा. लॅबचं नंतर.

डमीत रक्त नसतं हे खरंच. पण सुई डमीची नव्हती, आठ मुलींच्या हातातून फिरलेली होती. त्यातल्या एखादीला आधीच टोचली असेल आणि ती गप्प बसली असेल तर? माझा अनुभव सांगते, बसतात. बोट तोंडात घालतात, युनिफॉर्मला पुसतात आणि सुई पुढच्या मुलीच्या हातात देतात. मॅडम ओरडतील, वर्गात हसं होईल, ही भीती हिपॅटायटिसच्या भीतीपेक्षा मोठी असते. म्हणून लॅबमध्ये टोचलेली सुई, ती नवी कोरी आणि स्वतःचीच असल्याशिवाय, वापरलेलीच धरायची.

टोचल्याबरोबर करायचं ते साधं आहे. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं. बोट पिळायचं नाही, चोखायचं नाही, त्यावर स्पिरिट किंवा डेटॉल ओतायचं नाही. स्पिरिट लावण्याची सवय आपल्या हाडात भिनलेली आहे, पण त्याने जखमेच्या कडा चरचरतात यापलीकडे फायदा काही नाही. मग लगेच डॉक्टर. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं, ज्याला आपण पीईपी म्हणतो, ती शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागतात. बहात्तर तासांनंतर ती देत नाहीत. कोर्स २८ दिवसांचा असतो. द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतात. लॅबमधल्या प्रसंगात बहुतेक वेळा गरज नाही असंच निघेल. पण ते त्यांनी ठरवायचं, प्रिन्सिपलनी नाही आणि ट्यूटरनीही नाही.

तुमच्या मुलीचे चार दिवस झालेत, म्हणजे तो दरवाजा बंद झाला. हिपॅटायटिस बीचा मात्र अजून उघडा आहे. रक्तातून पसरणाऱ्या तिघांत हाच सर्वांत चिवट. बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, हिपॅटायटिस सीची दोनच्या आत, आणि लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बीची ६ ते ३० टक्के. तेव्हा आजच विचारा: तिचे तीनही डोस झालेत का? कार्ड आहे का? "ॲडमिशनच्या वेळी घेतलं होतं बहुतेक" हे उत्तर चालणार नाही. डोस झाले नसतील तर डॉक्टरांना दाखवून पहिला डोस लगेच सुरू करा, आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागेल का हेही त्यांना विचारा. तेही आठवडा उलटायच्या आत. सुरुवातीच्या रक्ततपासण्या करून घ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते बघा, आणि सगळं तारखेसह लिहून ठेवा. त्या सात-आठ जणींना एकेकीला बाजूला घेऊन, न रागावता विचारा की कोणाला आधी टोचलं होतं का. एक तरी हो म्हणेल, असा माझा अंदाज आहे.

आता लॅब.

मी चार्ज घेतला तेव्हा आमच्याकडे भिंतीवर मोठा तक्ता होता, "सुईला पुन्हा टोपण लावू नये". खाली उभ्या राहून सगळ्या मुली टोपणं लावत होत्या. मी महिनाभर ओरडून बघितलं. मग एक दिवस मागे स्टूलवर बसून नुसतं बघत राहिले. पॅड खिडकीजवळच्या टेबलावर. शार्प्सचा, म्हणजे वापरलेल्या सुया टाकायचा पांढरा डबा दाराजवळ, कारण इन्स्पेक्शनला आलेल्यांना आत शिरल्याशिरल्या तो दिसावा म्हणून तिथे ठेवलेला. मधे पंचवीस मुलींची गर्दी आणि तीन फाउलर बेड, म्हणजे हँडल फिरवून डोक्याची बाजू उचलायचे पलंग. इंजेक्शन दिलेल्या मुलीने उघडी सुई घेऊन त्या गर्दीतून जायचं कसं? ती टोपण लावणारच. मीही लावलं असतं.

त्या दिवशी डबा उचलून पॅडच्या उजवीकडे, हात लांबवला की पोचेल एवढ्या अंतरावर ठेवला. टोपण लावणं आठवड्याभरात थांबलं. खर्च शून्य. तुम्ही पहिलं काम हेच करा. प्रत्येक प्रॅक्टिस टेबलाला स्वतःचा डबा आणि स्वतःचा हब कटर, म्हणजे सुई सिरिंजपासून कापून टाकणारं यंत्र. तीन टेबलं असतील आणि डबा एकच असेल, तर एकाच टेबलावर प्रॅक्टिस घ्या आणि बाकीच्यांना तोवर बेडमेकिंगला लावा. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करायचा. वरून दाबून जागा करायची नाही. मावश्यांना सुया टोचतात त्या बहुतेक अशाच.

दुसरं, एक मुलगी एक सुई. यावर खर्चाचं कारण पुढे येईल. दोन मिलीची सिरिंज सुईसकट घाऊकमध्ये काही रुपयांना पडते. मुली फीमध्ये लॅब चार्जेस भरतात त्याचा हिशोब जरा मागून बघा. अगदीच नसेल तर आठवड्यात चारऐवजी दोनच सेशन घ्या, पण सुई वाटून घेऊ देऊ नका. सुया मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या. मी ट्रेवर रोल नंबरची चिकटपट्टी लावते. सेशन संपलं की ट्रे ओळीने लागतात, प्रत्येकीची सुई कटरमध्ये गेलेली मी किंवा वर्गप्रतिनिधी डोळ्याने बघते, आणि आकडा रजिस्टरमध्ये पडतो: दिल्या २४, नष्ट २४. एकदा आकडा २३ आला. अर्धा तास कोणाला सोडलं नाही. सुई शेवटी डमीच्या कुशीखाली, चादरीच्या घडीत सापडली. ती चादर दुसऱ्या दिवशी धुवायला जाणार होती.

मुलींनी एकमेकींना टोचण्याबद्दल माझं मत पक्कं आहे: नाही म्हणजे नाही. आमच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर घेऊन मैत्रिणीच्या दंडात टोचायचो आणि त्याचा अभिमान वाटायचा. आता त्याला शूरपणा म्हणण्यात अर्थ नाही. मोसंबी आहे, स्पंजचे पॅड आहेत, फोम आणि रेक्झिनचा घरी शिवलेला पॅडही उत्तम चालतो. ग्लुकोमीटरची प्रॅक्टिस मात्र खऱ्या बोटावर घ्यावी लागते. तिथे स्वतःचंच बोट, स्वतःची लॅन्सेट (बोट टोचायची बारीक सुई), आणि लॅन्सेट लगेच डब्यात. पेनसारखं यंत्र वर्गभर फिरवायचं नाही, लॅन्सेट बदलली तरीही. ज्या मुलीला नको असेल तिला नाही म्हणता आलं पाहिजे, आणि त्याचे मार्क कापायचे नाहीत.

आता औषधांच्या ट्रेकडे येते, कारण माझी सर्वांत जास्त झोप त्याने उडवली आहे.

आपल्याकडे प्रॅक्टिसचे ॲम्प्यूल, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाच्या बंद कुप्या, कुठून येतात? वॉर्डातून, मुदत संपलेले. सिस्टर बिचाऱ्या जमवून ठेवतात, आपण पिशवी भरून आणतो. मी एकदा अशी पिशवी निवडायला बसले. डिस्टिल्ड वॉटरच्या ढिगात सारख्याच आकाराचे, सारख्याच पारदर्शक प्लॅस्टिकचे दोन ॲम्प्यूल निघाले, पोटॅशियम क्लोराइडचे. थेट शिरेत गेलं तर हृदय थांबवणारं औषध, आमच्या मुली "स्टेराइल वॉटर" म्हणून सिरिंजमध्ये ओढायला शिकणार होत्या. पॅडला काही झालं नसतं, मान्य. पण त्या ट्रेवरचं एक भरलेलं सिरिंज एप्रनच्या खिशात राहून वॉर्डात गेलं असतं तर? खिसा हा नर्सिंगच्या मुलीचा दुसरा ड्रॉवर असतो. वॉर्डातला कापूस लॅबमध्ये येतो, लॅबमधली सिरिंज वॉर्डात जाते.

हे नुसतं माझ्या मनातलं भय नाही. २०१४ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या सरावासाठी बनवलेल्या नकली सलाईनच्या पिशव्या दवाखान्यांत पोचल्या आणि चाळीसहून जास्त खऱ्या रुग्णांना लावल्या गेल्या. ते पाणी निर्जंतुक नव्हतं. लोकांना थंडी-ताप भरला, काही जण दवाखान्यात दाखल झाले, एका मृत्यूचाही त्याच्याशी संबंध जोडला गेला. त्यांच्या औषध प्रशासनाला सूचना काढावी लागली. पिशवी दिसायला खऱ्यासारखी होती, घोळ तिथेच होता. आपल्या लॅबमधल्या पिशव्या तर खऱ्याच असतात, फक्त मुदत संपलेल्या.

म्हणून लॅबमध्ये येणारी प्रत्येक बाटली, ॲम्प्यूल, सिरिंज, आयव्ही सेट यावर लाल शाईने मोठ्या अक्षरांत "फक्त सरावासाठी". पोटॅशियम, इन्सुलिन, हेपॅरिन, ॲड्रिनॅलिन, गुंगीची औषधं लॅबमध्ये मुळीच नकोत. रिकाम्या व्हायलमध्ये (औषधाच्या छोट्या बाटलीत) नळाचं पाणी आणि वर तुम्ही छापलेलं लेबल एवढ्यावर डोसचं गणित छान शिकवता येतं. सेशन संपलं की एप्रनचे खिसे उलटे करून दाखवायचे. मुलींना सुरुवातीला अपमान वाटतो. पोटॅशियमची गोष्ट सांगितली की वाटत नाही.

काचेचा ॲम्प्यूल फोडताना बोट कापणं हा सर्वांत नेहमीचा अपघात, आणि सर्वांत दुर्लक्षित. मानेवर ठिपका असेल तर ठिपका स्वतःकडे धरून, गॉझची घडी गुंडाळून, मान पलीकडे मोडायची. कापूस नको, काच त्यातून आरपार येते. ठिपका किंवा रेघ नसेल तर आधी कानस.

कचऱ्याबद्दल एक गैरसमज दूर करते. "आपण हॉस्पिटल नाही, आपल्याला बायोमेडिकल वेस्टचे नियम लागू नाहीत," असं मी भल्याभल्यांच्या तोंडून ऐकलंय. २०१६च्या नियमांत शैक्षणिक संस्थांचा स्पष्ट उल्लेख आहे. सुया पांढऱ्या पंक्चरप्रूफ डब्यात, काच निळ्यात, वापरलेल्या सिरिंज, ग्लोव्हज, कॅथेटर, नळ्या लाल पिशवीत, रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, आणि हे सगळं अधिकृत गाडीला. शिकवण्यासाठी चार रंगांच्या बादल्या मांडायच्या आणि संध्याकाळी चारही बादल्या एकाच काळ्या पिशवीत रिकाम्या करून घंटागाडीत द्यायच्या, हे मी एका मोठ्या नावाच्या संस्थेत डोळ्याने बघितलंय. घंटागाडीवरचा माणूस हाताने चाळतो. त्याच्या हातात ग्लोव्ह असतो का, ते सकाळी दारात उभ्या राहून बघा. तुमचं हॉस्पिटल संलग्न असेल तर त्यांच्या गाडीला लॅबच्या पिशव्या जोडून द्यायला फार तर एक पत्र लागतं. आणि कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं त्याच नियमांत आहे. म्हणजे मुलींच्या लसीच्या यादीत लॅबच्या मावशींचं नाव हवंच. बहुतेक ठिकाणी ते नसतं.

हायपो, म्हणजे जंतुनाशक म्हणून वापरायचं सोडियम हायपोक्लोराइट, त्याबद्दल दोनच गोष्टी. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर एक भाग हायपो, चार भाग पाणी म्हणजे १ टक्का होतो. तो रोज ताजा करायचा, कालचा आज चालत नाही. आणि बेसिन साफ करायला हायपोबरोबर टॉयलेट क्लीनर कधीही मिसळायचं नाही. क्लोरीन सुटतो, आणि छोट्या बंद खोलीत तो जिवावर बेततो. हे मुलींना नाही सांगितलं तरी चालेल, मावशींना सांगा.

प्री-क्लिनिकल लॅब वेगळ्या मॅडमकडे असेल, तरी हा प्रसंग त्यांना ऐकवा. लघवीतली साखर बघायची बेनेडिक्टची टेस्ट. ५ मिली बेनेडिक्ट, आठ थेंब लघवी, स्पिरिट लॅम्पवर उकळायचं. आमच्याकडे एका मुलीने टेस्ट ट्यूब बुडाशी धरून, न हलवता तापवली. निळं द्रावण एकदम उसळलं आणि समोर वाकून "हिरवं झालं का गं?" बघणाऱ्या मैत्रिणीच्या डोळ्यात गेलं. बेनेडिक्ट अल्कधर्मी असतं, डोळ्याला फार वाईट. नळ खोलीच्या बाहेर, व्हरांड्याच्या टोकाला. तिला धरून तिथवर नेण्यात मिनिट गेलं, आणि तिथल्या नळाची धार एवढी खाली की डोकं आत घालता येईना. शेवटी मग्ग्याने पाणी घातलं. डोळा वाचला. दुसऱ्या दिवशी मी त्या नळाला दीड मीटर रबरी नळी बसवून घेतली. त्याला आय वॉश स्टेशन म्हणा हवं तर. धार हळू ठेवायची, पापण्या बोटांनी उघड्या धरायच्या आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुवायचं. पंधरा मिनिटं म्हणजे फार वेळ असतो. मुलगी पाचव्या मिनिटाला "बरं वाटतंय" म्हणते, तेव्हा सोडायचं नाही.

टेस्ट ट्यूब तिरकी, होल्डरने, तोंड भिंतीकडे. द्रावणाच्या वरच्या भागापासून सुरुवात करून सारखी हलवत तापवायची. त्याहून बरं म्हणजे बीकरमध्ये पाणी उकळून त्यात सगळ्या ट्यूब उभ्या करायच्या. स्पिरिट लॅम्प पेटलेला असताना त्यात स्पिरिट ओतायचं नाही, आणि फुंकर मारून नाही, टोपण घालून विझवायचा. कोविडनंतर एक नवीन धोका आलाय: हाताला भरपूर सॅनिटायझर चोळून मुली सरळ लॅम्पपाशी येतात. स्पिरिटची ज्योत दिवसाउजेडी नीट दिसतही नाही. हात पूर्ण वाळल्याशिवाय काडी ओढायची नाही.

पारा. तुमच्या कपाटात पाऱ्याचे थर्मामीटर आणि जुनं लाकडी पेटीतलं बीपी ॲपरेटस नक्की असणार, डेड स्टॉकला (संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या रजिस्टरला) नोंद असल्यामुळे कोणी हलवत नाही. पाऱ्याबद्दलच्या मिनामाता करारावर भारताने २०१४ मध्ये सही केली आणि २०१८ मध्ये तो मंजूर केला, तरी आपली रजिस्टरं अजून जुन्या काळात आहेत. एका थर्मामीटरमध्ये फार तर ग्रॅमभर पारा असतो, बीपी ॲपरेटसमध्ये शंभर ग्रॅमच्या आसपास. सांडला तर पंखा बंद, खिडक्या उघड्या, मुली बाहेर. अंगठी, बांगडी काढून ठेवायची, सोन्याला पारा धरतो. दिवे मालवून टॉर्च जमिनीलगत आडवा धरला की एकेक थेंब चमकतो. खेळायच्या दोन पत्त्यांनी थेंब एकमेकांत लोटायचे, सुई नसलेल्या सिरिंजने ओढायचे, बारीक कण चिकटपट्टीने उचलायचे, आणि सगळं घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत, पाण्याखाली. झाडू नाही, बेसिन नाही, व्हॅक्यूम तर मुळीच नाही. बाटली घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत एजन्सीला. डिजिटल थर्मामीटर आणि ॲनेरॉइड (बिनपाऱ्याचं, तबकडीचं बीपी ॲपरेटस) घ्या, आणि जुन्या वस्तूंचा कंडेमनेशनचा, म्हणजे मोडीत काढण्याचा प्रस्ताव आजच टाका.

पण पाऱ्याची खरी गोष्ट वेगळीच आहे. एकदा कपाटाची आवराआवर करताना मागच्या फळीवर, कागदात गुंडाळलेले चार फुटके थर्मामीटर सापडले. पारा फळीच्या फटीत. कोणी ठेवले? कोणीही नाही. का ठेवले? कारण आमच्याकडे ब्रेकेजचा दंड होता. थर्मामीटर फुटला तर दीडशे रुपये. मुलीने दीडशे रुपये वाचवण्यासाठी फुटका थर्मामीटर लपवला, आणि त्या कपाटासमोर आम्ही सगळ्या वर्षभर वाफ घेत बसलो. तुमच्या स्कूलमध्ये ब्रेकेजचा दंड असेल तर माझ्या मते तुमच्या लॅबमधली सर्वांत धोकादायक वस्तू तो दंडच आहे. सुई आणि स्पिरिट त्याच्यानंतर. सुई टोचलेली मुलगी गप्प राहते तीही याच कारणाने. मी तीन महिने भांडून दंड बंद करून घेतला. संस्थेचे अकाउंटंट म्हणाले, मग तर सगळ्या रोज फोडतील. सहा महिन्यांनी फुटलेल्या वस्तूंच्या नोंदी वाढल्या हे खरं. नव्या खरेदीचा आकडा होता तिथेच राहिला. म्हणजे वस्तू आधीही तेवढ्याच फुटत होत्या, फक्त कळत नव्हतं.

दंडाच्या जागी एक साधी दोनशे पानी वही ठेवा. तारीख, काय झालं, कुठे, पुढे काय केलं. मुलीचं नाव लिहायची सक्ती नको. होता होता राहिलेले अपघातही त्यातच. पहिली नोंद तुम्ही स्वतःची करा. माझी होती: "बेडच्या क्रँकचं हँडल बाहेर राहिलं होतं, नडगीवर आपटलं." मुली हसल्या, आणि दोन दिवसांत आणखी पाच जणींनी तेच लिहिलं. तेव्हा कळलं की फाउलर बेडचं हँडल काम झाल्यावर आत ढकलायचं असतं हे आम्ही कधी शिकवलंच नव्हतं.

ऑक्सिजन सिलेंडरचंही असंच. काळं अंग, पांढरे खांदे, भिंतीला साखळीने बांधलेला. एवढं बहुतेकांना माहीत असतं. साखळी असते, पण लावलेली नसते. आणि व्हॉल्व्हला हात लावण्याआधी हाताला तेल नाही ना, हे बघायचं. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेल-ग्रीस लागलं तर भडका उडू शकतो. आपल्या मुली सकाळी खोबरेल तेल लावून घट्ट वेणी घालून येतात आणि त्याच हाताने रेग्युलेटर बसवतात. तसंच व्हॅसलीन. साबणाने हात धुऊन, कोरडे करून मगच.

न्यूट्रिशन लॅबचं थोडक्यात सांगते: एलपीजीची नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलायची, तारीख नळीवरच छापलेली असते, सिलेंडर उभा, ओढणी एप्रनच्या आत, आणि गळतीसाठीचा १९०६ नंबर दारावर मोठ्या अक्षरांत.

आग विझवण्याबद्दल एवढंच म्हणेन की यंत्र भिंतीवर आहे की नाही हे तपासून थांबू नका. ९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. तेव्हा आपल्यापैकी प्रत्येक ट्यूटरने स्वतःला विचारलं असेल, माझ्या हाताखालून गेलेल्या किती मुलींनी आयुष्यात एकदा तरी ते लाल सिलेंडर हातात घेऊन दाबलंय? राज्याच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, भरून द्यावा लागतो. त्यांचा माणूस रिफिलिंगला येतो त्या दिवशी जुन्या यंत्रातली पावडर तो नाहीतरी काढणारच असतो. त्याला विनंती करा, मैदानात मुलींकडून रिकामं करून घ्या. पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, दाबायचं, डावी-उजवीकडे फिरवायचं. ज्या मुलीच्या हाताला त्या यंत्राचं वजन आणि धक्का माहीत आहे, ती खऱ्या वेळी दोन पावलं पुढे जाते. आम्ही हे तीन वर्षं करतोय. चहा-नाश्त्याशिवाय खर्च नाही.

रबराच्या ग्लोव्हजची ॲलर्जी वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून घ्या. "लेटेक्स ॲलर्जी आहे का?" असं विचारलं तर सगळ्या नाही म्हणतात. "फुगा फुगवल्यावर ओठ सुजतात किंवा खाजतात का?" असं विचारा. सीपीआरच्या डमीचं तोंड प्रत्येकीनंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसून वाळू द्यायचं, किंवा प्रत्येकीला वेगळा फेस शील्ड. सर्दी-तापाच्या दिवसांत फक्त छाती दाबण्याचाच सराव घ्या.

राहिला प्रिन्सिपल मॅडमचा प्रश्न. त्या वाईट नसतात, त्यांच्या डोक्यावर इन्स्पेक्शन असतं. म्हणून त्यांना ज्या भाषेत समजतं त्या भाषेत मागा. "सुरक्षितता वाढवायला हवी" असं पत्र फाइलला लागून संपतं. त्याऐवजी एका पानाचा तक्ता करा: काय हलवायचं, काय बंद करायचं, काय विकत घ्यायचं. पहिल्या दोन रकान्यांत खर्च शून्य, आणि निम्म्याहून जास्त कामं तिथेच बसतील: डबे हलवणं, दंड बंद करणं, मुदत संपलेल्या औषधांची छाटणी, साखळी लावणं. तिसऱ्या रकान्यात सिरिंज, हब कटर, डिजिटल थर्मामीटर, लस. तिथे प्रत्येक वस्तूपुढे किंमत आणि ती नसेल तर कोणता नियम मोडतो ते लिहा. आणि स्वतःची प्रत, तारखेच्या शिक्क्यासह, घरी ठेवा. हे अविश्वासाने सांगत नाही, पण अपघात झाला की "ट्यूटरनी कधी सांगितलंच नाही" हे वाक्य फार लवकर तयार होतं.

बॅच छोटी करून मिळत नसेल तर इंजेक्शनच्या दिवशी तरी दहाहून जास्त मुली एका ट्यूटरच्या नजरेखाली घेऊ नका. बाकीच्या वाचनालयात बसल्या तरी चालतील. आणि तुम्ही डेमो देताना स्वतः टोपण लावता का, ते एकदा मोबाइलवर व्हिडिओ काढून बघा. मी बघितला होता. लावत होते.

त्या मुलीकडे परत येते. आज पहिला डोस सुरू झाला तर दुसरा एक महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी. सहा महिन्यांनी ती कदाचित सुट्टीवर गावी असेल, किंवा कम्युनिटी पोस्टिंगला. त्या तारखा आणि डॉक्टर पुढच्या रक्ततपासणीच्या ज्या तारखा देतील त्या, दोन्ही तुमच्या स्वतःच्या कॅलेंडरवर लिहा, तिच्या आईच्या फोनमध्येही टाकून घ्या. तिसरा डोस झाल्यावर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे लशीने पुरेसं संरक्षण आलं का ते सांगणारी रक्ततपासणी, करायला सांगा. आकडा १०च्या वर आला की तिच्या पानावर तो लिहून, खाली सही करून, मग ती नोंद बंद करा.